रावबहादूर सीताराम केशव बोले : एक ठराव आणि एक पाणवठा

श्रीकृपेने आणि ग्रामस्थ व मुंबईकर मंडळींच्या सहकार्याने आपल्या ग्रामदेवतेच्या देवळाच्या जीर्णोद्धाराचे कार्य सिद्धीस जात आहे. या मंगल प्रसंगी निघणाऱ्या स्मरणिकेत देणगीदारांची यादी असणे हे योग्यच आहे. कोणी चिऱ्याच्या गाड्या दिल्या, कोणी लाकूड दिले, कोणी रोख रक्कम दिली, तर ज्यांच्याकडे देण्यास काही नव्हते त्यांनी आठ-आठ दिवस श्रमदान केले. सर्व वाड्यांचा हात लागला म्हणून हे देऊळ उभे राहिले. ज्याला सर्वांचा पैसा आणि सर्वांचा घाम लागला ते सर्वांचे, ही गोष्ट आज आपणांस अगदी साधी वाटते. परंतु शंभर वर्षांपूर्वी ती साधी नव्हती. ती सरकारदरबारी मान्य करून घेण्यासाठी एका गृहस्थाने मुंबईच्या कायदे कौन्सिलात उभे राहून ठराव मांडला. त्या गृहस्थांचे नाव रावबहादूर सीताराम केशव बोले. आजच्या तरुण पिढीस त्यांचे कार्य फारसे माहीत नाही. म्हणून त्यांचा हा अल्प परिचय.

बोले यांचा जन्म १८६८ सालचा, भंडारी समाजातील. कोकण किनाऱ्यावरील हा कष्टाळू समाज. माडाची माडी काढणे, नारळीची बागायत आणि दर्यावर्दीपणा हा त्याचा पिढीजात व्यवसाय. शिक्षणाचे वारे त्या काळी या समाजात नुकतेच शिरू लागले होते. बोले यांनी आपल्या कार्याची सुरुवात घरापासूनच केली. आपल्या समाजातील मुलांनी शिकावे, व्यसनांपासून दूर राहावे, लग्नकार्यात वायफळ खर्च करू नये, यासाठी ते झटले. परंतु केवळ आपल्या ज्ञातीपुरते पाहणारे ते नव्हते.

त्या वेळी मुंबई ही गिरण्यांची नगरी होती. रत्नागिरी, कुलाबा, सातारा या जिल्ह्यांतील हजारो माणसे पोटासाठी मुंबईस जाऊन गिरणीत लागली होती. आपल्या कोकणातील घराघरातून निदान एक तरी माणूस गिरणीत असायचा आणि त्याच्या मनिऑर्डरीवर गावची चूल पेटायची. गिरणीत वीज आल्यापासून कामाच्या वेळेला धरबंध राहिला नव्हता. दिवसाला तेरा-तेरा, चौदा-चौदा तास माणसे मागावर उभी असत. यंत्रात हात सापडून निकामी झाला तर नुकसानभरपाईचे नाव नव्हते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची पहिली संघटना उभारली होती, परंतु १८९७ साली त्यांचे निधन झाल्यावर कामगारांना वाली उरला नव्हता. अशा वेळी १९०९ साली बोले यांनी आपल्या सहकाऱ्यांसह कामगार हितवर्धक सभा स्थापन केली. मालक व कामगार यांच्यातील तंटे मिटविणे, सरकारकडे अर्ज-विनंत्या करणे, अपघातात सापडलेल्यांना भरपाई मिळावी म्हणून प्रयत्न करणे, ही कामे सभेने हाती घेतली. सभेचे कामगार समाचार नावाचे पत्रही निघत असे. १९११ साली सरकारने कायदा करून कापड गिरण्यांतील पुरुष कामगारांचे काम दिवसाला बारा तासांवर आणले. बारा तास म्हणजे काही थोडे नव्हेत, पण त्या आधी तेवढीही मर्यादा नव्हती. हे यश एकट्या बोल्यांचे म्हणता येणार नाही, परंतु कामगारांची गाऱ्हाणी वरपर्यंत नेणाऱ्या मोजक्या माणसांत ते होते.

याच सुमाराची एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. १९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून एक दलित विद्यार्थी मॅट्रिक पास झाला. त्या काळी त्या समाजातील मुलाने मॅट्रिक होणे ही अपूर्वाईची गोष्ट होती. त्याच्या अभिनंदनासाठी सभा भरली. सभेचे अध्यक्षस्थान बोले यांनी स्वीकारले. थोर ग्रंथकार कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्या मुलास भेट दिले. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. पुढे जे घडले ते सर्व जगास ठाऊक आहे. परंतु तो मुलगा पुढे कोण होणार हे कोणासही माहीत नसताना त्याचे कौतुक करण्यास जे पुढे आले, त्यांचा मोठेपणा वेगळाच म्हटला पाहिजे.

कौन्सिलातील कार्य

१९१९ च्या सुधारणा कायद्यानुसार १९२१ सालापासून प्रांतोप्रांती नवी कायदे कौन्सिले कामास लागली. मुंबई इलाख्यात त्या वेळी महाराष्ट्राबरोबर गुजरात, सिंध आणि कर्नाटकाचा भागही होता. शिक्षण, आरोग्य, म्युनिसिपालट्या व लोकल बोर्डे अशी काही खाती हिंदी मंत्र्यांकडे आली होती. बोले या कौन्सिलात सभासद म्हणून काम करीत होते.

कौन्सिलात सभासदाने ठराव मांडला आणि तो पास झाला म्हणजे तो कायदा झाला असे नसे. ती सरकारला केलेली शिफारस असे. सरकारने ती मानावी, अर्धी मानावी किंवा बाजूस ठेवावी. ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढील हकीगत नीट समजेल.

दिनांक ४ ऑगस्ट १९२३ रोजी बोले यांच्या ठरावाने कौन्सिलने अशी शिफारस केली की, सरकारी पैशातून बांधलेली व राखलेली, किंवा सरकारने नेमलेल्या वा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यातील सर्व सार्वजनिक पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांस वापरू द्याव्यात. तसेच सार्वजनिक शाळा, कोर्टे, कचेऱ्या आणि दवाखाने यांतही त्यांस मज्जाव नसावा. हाच तो प्रसिद्ध बोले ठराव.

या ठरावाची मेख नीट पाहण्यासारखी आहे. बोले यांनी धर्मशास्त्राचा वाद काढला नाही. कोणाच्या घरच्या आडाचा किंवा खाजगी देवळाचा प्रश्नही त्यांनी त्यात घातला नाही. त्यांनी फक्त पैसा कोणाचा हे विचारले. सरकारी तिजोरीत पैसा रयतेचा. सारा सर्व जातींचे लोक भरतात, मिठावरचा कर तर गरिबांतला गरीबही भरतो. मग त्या पैशातून बांधलेल्या तळ्यावर एकाने घागर भरावी आणि दुसऱ्याने लांब उभे राहून कोणी ओंजळीत पाणी घालील काय म्हणून वाट पाहावी, हा कोठला हिशोब? गाई-म्हशी तळ्यात उतरत होत्या, कुत्री पाणी पीत होती. माणसास मात्र बंदी होती. असा हा रोखठोक, जमाखर्चाचा मुद्दा असल्यामुळे त्याला उत्तर देणे कठीण होते.

ठराव पास झाला. दिनांक ११ सप्टेंबर १९२३ रोजी सरकारने त्यानुसार आज्ञा काढली. जी ठिकाणे खुद्द सरकारच्या मालकीची वा देखरेखीखालील होती, त्यांच्यापुरती खात्यांच्या प्रमुखांना अंमलबजावणीची आज्ञा झाली. म्युनिसिपालट्या व लोकल बोर्डे यांच्या बाबतीत मात्र, त्यांनी ही शिफारस मानण्याचा विचार करावा असा सल्ला कलेक्टरांनी द्यावा, असे ठरले. म्हणजे एकीकडे आज्ञा आणि दुसरीकडे नुसता सल्ला. ज्यांनी सरकारी कचेरीचे कामकाज जवळून पाहिले आहे त्यांना आज्ञा आणि सल्ला यांतील अंतर सांगण्याची जरुरी नाही. आज्ञेच्या कागदाला उत्तर द्यावे लागते. सल्ल्याचा कागद आवक बारनिशीत चढतो, फायलीला लागतो आणि तेथेच मुरतो.

तसेच झाले. बहुतेक ठिकाणी कागद मुरला. गावोगावचे पाणवठे होते तसेच राहिले. कुलाबा जिल्ह्यातील महाड म्युनिसिपालटीने मात्र १९२४ साली ठराव करून आपल्या मालकीचे चवदार तळे सर्वांस खुले केले. ही गोष्ट महाडकरांस भूषणावह होती. पण तळे कागदावर खुले झाले तरी प्रत्यक्षात तेथे पाणी भरण्यास जाण्याची कोणाची छाती झाली नाही. ज्यांना हक्क मिळाला ते उद्या त्याच गावात राहणार होते, त्यांना त्याच लोकांच्या शेतावर मजुरीस जायचे होते. पाण्यात राहून माशाशी वैर कोण धरणार?

बोले यांनी हे सर्व पाहिले. ठराव पास करून सत्कार घ्यावा आणि गप्प बसावे, असा त्यांचा स्वभाव नव्हता. दिनांक ५ ऑगस्ट १९२६ रोजी, म्हणजे पहिल्या ठरावानंतर तीन वर्षांनी, त्यांनी कौन्सिलात दुसरा ठराव आणला. ज्या म्युनिसिपालट्या व लोकल बोर्डे पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करण्याचे नाकारतील त्यांना सरकारने ग्रँट देऊ नये, अशी त्याची मागणी होती. पहिल्या ठरावात पैसा कोणाचा हे विचारले होते, दुसऱ्यात पैशाचीच दोरी हातात घेतली. कारभार कोठे अडतो आणि कोठे ओढला म्हणजे हलतो, याची उत्तम जाण त्यांना होती असे यावरून दिसते.

देवकार्य आणि हक्क

त्याच १९२६ सालात बोले यांच्या प्रयत्नाने आणखी एक सुधारणा झाली. त्या वेळी गावोगावी ग्रामजोश्यांचे वतन असे. यजमानाने लग्न-मुंज वा श्राद्ध दुसऱ्या कोणाकडून करवून घेतले, किंवा भटजीस न बोलाविता आपल्या पद्धतीने कार्य उरकले, तरी वतनदार जोशी आपल्या दक्षिणेसाठी कोर्टात फिर्याद करू शकत असे. न केलेल्या कामाची दक्षिणा द्यावी लागे. सत्यशोधक मंडळींनी हा प्रश्न पूर्वीपासून लावून धरला होता. १९२६ च्या कायद्याने न बोलाविलेल्या पुरोहिताचा दक्षिणेवरील हक्क रद्द झाला. यात पुरोहितांचा द्वेष नव्हता. ज्याला श्रद्धा आहे त्याने आनंदाने बोलवावे व दक्षिणा द्यावी, फक्त सक्ती नसावी, इतकेच त्याचे तात्पर्य होते.

याच वर्षी दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात मोठा वाद उभा राहिला. उत्सवाची वर्गणी सर्व हिंदूंकडून गोळा होत असे, पण गणपतीस हात लावण्याचा मान ठराविक लोकांकडेच होता. वर्गणी चालते, मग पूजा का चालत नाही, असा सवाल प्रबोधनकार ठाकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्या प्रसंगी बोले आणि डॉ. आंबेडकरही हजर होते. बराच वेळ वादावादी चालली. वातावरण तंग झाले. अखेर तडजोड निघाली ती अशी की, एका दलित गृहस्थाने फुले पुजाऱ्याच्या हाती द्यावीत आणि पुजाऱ्याने ती गणपतीस वाहावीत. आज ही तडजोड आपणांस अगदीच अपुरी वाटेल, आणि ती अपुरी होतीच. पण पाण्याच्या बाबतीत बोल्यांनी कौन्सिलात जो मुद्दा मांडला होता, तोच मुद्दा तेथे देवाच्या दारात येऊन उभा राहिला, हे महत्त्वाचे.

चवदार तळे

बोले ठरावाची खरी कसोटी १९२७ साली महाडास लागली. दिनांक १९ व २० मार्च रोजी डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली तेथे परिषद भरली. दुसऱ्या दिवशी हजारो लोक शिस्तीने, रांगेने चवदार तळ्यावर गेले. डॉ. आंबेडकरांनी तळ्याचे पाणी प्राशन केले, त्यांच्या मागोमाग इतरांनीही केले. यात कायदेभंग काही नव्हता. कौन्सिलने शिफारस केली होती, सरकारने आज्ञा काढली होती, म्युनिसिपालटीने ठराव केला होता. तीन-तीन कागद त्यांच्या बाजूने होते. नव्हती ती फक्त गावाची तयारी.

थोड्याच वेळात हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी खोटी अफवा उठली आणि घरोघर परतणाऱ्या, जेवणास बसलेल्या लोकांवर लाठ्याकाठ्यांनी हल्ला झाला. अनेकजण जखमी झाले. परिषदेस आलेले लोक संख्येने मोठे असूनही डॉ. आंबेडकरांच्या सांगण्यावरून त्यांनी हात उगारला नाही. नंतर पंचगव्याच्या घागरी ओतून तळ्याची शुद्धी करण्यात आली. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात म्युनिसिपालटीने १९२४ चा आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा परिषद भरणार तोच काही मंडळींनी कोर्टात जाऊन तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. दावा खालच्या कोर्टापासून हायकोर्टापर्यंत चालला. अखेर दिनांक १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला. तळे म्युनिसिपालटीचे आहे आणि इतरांस वगळण्याची अनादि काळापासूनची रूढी वादींना शाबीत करता आली नाही, असा त्याचा मथितार्थ. १९२३ सालच्या ऑगस्टात मुंबईत पास झालेला ठराव महाडच्या तळ्यापर्यंत पोहोचण्यास अशी तेरा-साडेतेरा वर्षे लागली.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. ठराव बोल्यांनी मांडला, परंतु त्याची किंमत ज्यांनी डोकी फोडून घेतली त्यांनी चुकविली. बोले यांचे मोठेपण सांगताना त्या अनामिक लोकांचे विस्मरण होऊ नये. तसेच, हातात ठरावाचा कागद होता म्हणूनच सत्याग्रहींची बाजू न्यायाची व कायद्याची ठरली, हेही विसरून चालणार नाही. एकाने वाट आखली, दुसऱ्यांनी तीवरून चालून दाखविले.

पुढील काळ

कोकणातील कुळांना खोतांकडून होणारा जाच हाही बोले यांच्या जिव्हाळ्याचा विषय होता. खोत सरकारास सारा भरी व कुळांकडून मनास येईल तसे वसूल करी. वेठ-बिगार वेगळीच. या प्रश्नाला कौन्सिलात तोंड फोडणाऱ्यांत बोले होते. पुढे १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे बिल असेंब्लीत मांडले, चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली वर्षानुवर्षे संप केला आणि स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या कायद्याने खोती संपली. आज आपल्या सातबाऱ्यावर जी नावे दिसतात त्यांच्यामागे हा एवढा इतिहास आहे.

देवळांचे दरवाजेही एकामागून एक उघडत गेले. भंडारी समाजातीलच दानशूर भागोजीशेठ कीर यांनी रत्नागिरीस बांधलेले पतितपावन मंदिर १९३१ साली सर्व हिंदूंसाठी खुले झाले. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरास दहा दिवस प्राण पणास लावले, तेव्हा विठोबाचे दार उघडले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिर प्रवेशाचा कायदा झाला. १९५० साली राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ साली ती पाळणे हा गुन्हा ठरविणारा कायदा संसदेने केला. १९२३ साली बोले यांनी सार्वजनिक विहिरीपुरते जे मागितले होते, त्याहून कितीतरी अधिक देशाच्या घटनेनेच दिले. हे सर्व त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले. नव्वदी ओलांडलेल्या या वृद्ध समाजसेवकाचे १९६१ साली निधन झाले.

मुंबईत प्रभादेवीस श्रीसिद्धिविनायकाचे प्रसिद्ध देऊळ आहे. १८०१ साली बांधलेल्या त्या देवळास मंगळवारी, चतुर्थीस रांगा लागतात. आपल्या गावची मुंबईकर मंडळीही तेथे आवर्जून जातात. हे देऊळ ज्या रस्त्यावर आहे त्या रस्त्याचे नाव आहे एस. के. बोले मार्ग. रांगेत उभ्या असलेल्या कितीकांना हे नाव कोणाचे ते ठाऊक नसेल. त्या रांगेत पुढे कोण, मागे कोण, त्याची जात कोणती, हे कोणी विचारीत नाही. बोले यांना याहून चांगले स्मारक कोणते असणार?

कौन्सिलातील भाषणे विरून जातात, पदव्या नावाबरोबर जातात. मागे उरते ते माणसाने कोणाच्या सोयीसाठी आपले पद वापरले एवढेच. बोले यांनी ते घागर घेऊन लांब उभ्या राहिलेल्या बाईसाठी, मागावर चौदा तास उभ्या राहिलेल्या चाकरमान्यासाठी आणि खोताच्या दारात हात जोडून उभ्या राहिलेल्या कुळासाठी वापरले.

आपल्याकडे म्हण आहे, गाव करी ते राव न करी. रावबहादुरांचे चरित्र पाहिले म्हणजे या म्हणीचा खरा अर्थ कळतो. रावाने ठराव केला, सरकारने हुकूम काढला, हायकोर्टाने निकाल दिला, तरी शेवटी पाणवठा खुला होतो तो गावाच्या मनात. देवळाचा कळस नवा झाला, गाभाऱ्यास फरशी बसली, सभामंडप मोठा झाला, म्हणजे जीर्णोद्धार अर्धा झाला. उत्सवात पालखी प्रत्येक वाडीत जावी, मानपानावरून कोणाचे मन दुखवू नये आणि ज्याने पाच रुपये दिले त्याला व ज्याने पाच हजार दिले त्याला देवाच्या पायरीवर सारखीच जागा मिळावी, म्हणजे उरलेला अर्धा पुरा होईल. तेवढी सद्बुद्धी श्रींनी आपणां सर्वांस द्यावी हीच त्यांच्या चरणी प्रार्थना.

रावबहादूर सीताराम केशव बोले यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.